वारशाने आलेली गबाळी

फ्लोराबाई झिराडकरांच्या घरी बसायचं म्हणजे आधी काहीतरी उचलावं लागे. सोफ्यावर वर्तमानपत्रं, खुर्चीवर धुतलेले पण घडी न घातलेले टॉवेल, स्टुलावर जाडजूड शब्दकोश आणि शब्दकोशावर अर्धा राहिलेला चहा. पाहुणा घुटमळला की फ्लोराबाई प्रेमाने म्हणत, "अरे, ढकल की तिकडे." तिकडे म्हणजे कुठे, हे त्या कधीच सांगत नसत. कारण तिकडेही आधीच्या पाहुण्याने काहीतरी ढकललेलं असे.

घर कॅनडातल्या हॅमिल्टनला होतं. माडीवरच्या खिडकीतून पोलादाच्या कारखान्याची धुराडी दिसत. नवरा सॅमसन त्या कारखान्यात आयुष्यभर राबला आणि निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत गेला. मुलगा इतामार आणि सून अबिगेल तासाभराच्या अंतरावरच्या वॉनला राहत. झिराडकर मंडळी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. फ्लोराबाई माहेरच्या भायखळ्याच्या, पण लग्न करून गेल्या अलिबागजवळच्या झिराडला. तिथे सासूने पहिल्याच आठवड्यात त्यांचं ताट, त्यांची वेणी आणि त्यांनी सारवलेली चूल पाहून निकाल दिला, "गबाळी आहेस गं तू."

थोरल्या जावेला सासूने पाटल्या दिल्या, धाकटीला एकदाणी. मधल्या फ्लोराबाईंच्या वाट्याला हा शब्द आला. पुढे कॅनडात कुणी दागिन्यांचा विषय काढला की त्या सांगत, "मला सासूने दिलेला दागिना कधी मोडावा लागला नाही की लॉकरात ठेवावा लागला नाही. रोज अंगावर असतो." ऐकणारे हसत. फ्लोराबाईही हसत, पण तो शब्द लागला होता हे खरं. नाहीतर तो चाळीस वर्षं कोण सांभाळतं?

दुसरा दागिना मिळाला तो कुंपणावरून. शेजारी डोरिस नावाची म्हातारी राहायची, मूळची यॉर्कशरची. ती दाराबाहेरची पायरी ब्रश घेऊन घासायची आणि कचऱ्याची पिशवीसुद्धा नाड्या नीट बांधून ठेवायची. एका नोव्हेंबरात फ्लोराबाईंच्या चादरी दोरीवर राहिल्या, भिजल्या, वाळल्या, पुन्हा भिजल्या आणि शेवटी गोठून पापडासारख्या कडक झाल्या. तेव्हा डोरिसचा संयम सुटला. कुंपणापाशी येऊन ती म्हणाली, "यू आर अ राइट स्लॅटर्न, फ्लोरा."

दुसरी कुणी असती तर त्या दिवसापासून बोलणं बंद. फ्लोराबाईंनी विचारलं, "स्पेलिंग काय?"

डोरिसने स्पेलिंग सांगितलं आणि मग आपण नक्की भांडतो आहोत की शिकवणी घेतो आहोत, या विचारात ती तिथेच उभी राहिली. फ्लोराबाई घरात गेल्या. चर्चच्या तळघरातल्या सेलमध्ये घेतलेला तो शब्दकोश त्यांनी चहाखालून ओढून काढला. स्लॅटर्न म्हणजे गबाळी बाई. बोलीभाषेतल्या एका जुन्या क्रियापदापासून हा शब्द आला असावा असं तिथे लिहिलं होतं, आणि त्या क्रियापदाचा अर्थ सांडणे, हिंदकळणे. फ्लोराबाईंनी ते वाचलं, शब्दकोशावर उमटलेलं चहाचं वर्तुळ पाहिलं आणि तशाच सपाता घालून बर्फात बाहेर आल्या. "डोरिस, यू आर परफेक्टली करेक्ट. मी सांडतेच!"

तेव्हापासून दोघींचं जमलं ते जमलंच. दर गुरुवारी कचऱ्याचा ट्रक येण्याआधी दोघी डबे बाहेर ठेवायला येत. डोरिस आपल्या आईच्या ठेवणीतली एखादी शिवी द्यायची आणि फ्लोराबाई पुढच्या गुरुवारी तिचं गोत्र सांगायच्या. ड्रॅगलटेल म्हणजे जिच्या घागऱ्याची किनार चिखलात ओढली जाते ती. मॉकिन हे मुळात मटिल्डा नावाच्या मुलीचं लाडाचं नाव. मग तेच नाव भट्टी पुसायच्या चिंध्यांच्या झाडूला पडलं, शेतातल्या बुजगावण्याला पडलं आणि कुठल्याही मळकट मोलकरणीला चिकटलं.

"आता बघ," फ्लोराबाई कचऱ्याच्या डब्याला टेकून म्हणत, "चिखलातून पाणी आणायला कोण गेली? हीच. भट्टी कुणी पुसली? हिनेच. आणि मळकी कोण? तर हीच. आणि ज्याने चिखलाचे बूट घेऊन घरात फेऱ्या मारल्या, त्याला शब्द कुठेय?"

"स्लॉव्हन," डोरिस म्हणाली. "माय मदर कॉल्ड माय फादर दॅट."

फ्लोराबाईंनी पाहिलं, तर ते खरं निघालं. स्लॉव्हन पुरुषालाही लागत होता. त्या जरा हिरमुसल्या, कारण त्यांचा सिद्धान्त चांगला रंगात आला होता. पण बायकांच्या वाटणीला शिव्यांचं पोतं आणि पुरुषांच्या वाटणीला मूठभर, एवढं सिद्ध झालं म्हणून त्यांनी समाधान मानलं.

सगळ्यात लाडका शब्द मात्र डोरिसने आवाज खाली आणून दिला. आज तो शब्द ऐकला तर माणसं कानांवर हात ठेवतील. पण काही शतकांपूर्वी 'स्लट' म्हणजे नुसती गबाळी बाई, त्याहून अधिक काही नाही. आणि पलंगाखाली धुळीचे जे मऊ करडे गोळे साठतात, त्यांना म्हणायचे 'स्लट्स वूल', गबाळीची लोकर. नीट न मळलेल्या पावात ज्या घट्ट गाठी राहतात, त्या गबाळीच्या पेन्या, म्हणजे गबाळीची चिल्लर. फ्लोराबाई खूश झाल्या. घरी जाऊन त्यांनी पलंगाखाली डोकावून पाहिलं आणि आपल्याकडे एका स्वेटरपुरती लोकर आहे असं इतामारला फोन करून कळवलं.

इतामार हसला. फोन स्पीकरवर होता. अबिगेल हसली नाही.

अबिगेल ठाण्याची. वॉनच्या एका वेअरहाउसमध्ये ती क्वालिटी बघायची आणि घरी आल्यावरही तेच बघायची. तिच्या घरात पांढरा सोफा होता, पांढरा गालिचा होता आणि जेवणाच्या टेबलाशिवाय कुठेही काही खायला बंदी होती. इतामार बिचारा बिस्किट खायला गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसे. मुलगा मॉन्ट्रियलला शिकायला गेला तेव्हा त्याची खोली तिने अशी आवरली की सुट्टीत आल्यावर त्याने विचारलं, "मॉम, डिड समवन डाय?" पण बाई मनाने वाईट नव्हती. सॅमसनच्या आजारपणात तीच रोज वॉनहून हॅमिल्टनला येऊन बसली होती, आणि बसता बसता तिने हॉस्पिटलातलं कपाटही लावून टाकलं होतं.

सासू-सुनेची खरी गाठ पडे ती पेसाहच्या सणाला. या सणात घरात खमिराचा, पावाबिस्किटाचा कण राहता कामा नये. झिराडला सासू घराला चुना काढायची, आंबवणाचं मडकं झाकून ठेवायची, नवी भांडी आणायची. इथे आल्यावर सिनेगॉगमधून आणखी एक पद्धत शिकायला मिळाली. आदल्या संध्याकाळी घरातल्या एकाने पावाचे दहा तुकडे लपवायचे आणि दुसऱ्याने मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन ते शोधायचे. शोधणाऱ्याचे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून हे तुकडे. सुरुवातीची बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हटली की शोध संपेपर्यंत भलतंसलतं बोलायचं नाही.

हा शोध दरवर्षी फ्लोराबाईंच्या घरी व्हायचा आणि दरवर्षी अबिगेल शोधायची. तिथे दहा तुकडे लपवणं सोपं, सापडणं कठीण. एकदा तर नऊच सापडले. सगळं घर पालथं घातलं, टॉवेलांना कित्येक महिन्यांनी घडी पडली, तरी दहावा मिळेना. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून डोरिसने कबुली दिली. ती संध्याकाळी अंडी द्यायला आली होती, तिला खिडकीत पावाचा तुकडा दिसला आणि तिच्याने राहवलं नाही. तिने तो उचलून नेऊन कचऱ्यात टाकला होता, पिशवीच्या नाड्या बांधून.

सन दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत मात्र हसण्यावारी नेण्यासारखं घडलं नाही. फ्लोराबाई आपल्याच वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला अडखळून पडल्या. मनगट मुरगळलं. अबिगेल आली, तिने गठ्ठा पाहिला, मनगट पाहिलं आणि सांगून टाकलं.

"आई, आता बास. आमचं बेसमेंट फिनिश करून घेतलंय. बेड आहे, सेपरेट वॉशरूम आहे. हे घर लिस्ट करू या. स्प्रिंगमध्ये मार्केट चांगलं असतं."

"मी काय फर्निचर आहे बेसमेंटमध्ये ठेवायला?"

"तसं नाही म्हणत मी. उद्या डोकं आपटलं असतं तर? तुम्ही फोन तरी कुठे शोधणार होता? परवा तो ब्रेडच्या डब्यात होता."

फोन आत्ताही ब्रेडच्या डब्यातच होता. बरोबर आलेला इतामार दाराशी गाडीच्या किल्ल्या चाळवत उभा होता. दोघं निघून गेली आणि फ्लोराबाई सोफ्यावर, टॉवेलांवरच, बसून राहिल्या. त्यांना भीती वाटली. बेसमेंटची नव्हे. त्या घरात आपण चहा पिऊन कप लगेच विसळू, चादर ओढून ओढून सारखी करू आणि मरेपर्यंत पाहुणी म्हणून राहू, याची भीती. इथे भिंतीला सॅमसनच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. तो पुसणारं कुणी नव्हतं, म्हणून हे त्यांचं घर होतं.

पण रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मार्चमध्ये त्यांनी सुनेला फोन केला.

"अबिगेल, इतकी वर्षं तू माझं घर तपासलंस. माझा हात बरा नाही, तेव्हा सणाच्या पहिल्या रात्रीचं सेदरचं जेवण या वर्षी तुझ्याकडेच कर. पण शोध मी घेणार. तुझ्या घरात. दहा तुकड्यांखेरीज एक कण जरी सापडला, तरी मी हॅमिल्टनलाच राहणार आणि तू पुन्हा विषय काढायचा नाहीस. काही नाही सापडलं, तर मी बॅग घेऊन खाली उतरते."

अबिगेल क्षणभरही थांबली नाही. "डील," ती म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते तिला कळायला अजून अवकाश होता.

गुरुवारी डोरिसने ऐकून मान हलवली. "यू विल लूज, लव्ह. आय हॅव सीन हर शूज."

फ्लोराबाईंनाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर हरण्यासाठी एखादं रुबाबदार निमित्त हवं, म्हणूनच त्यांनी ही पैज लावली होती.

सणाच्या आदल्या संध्याकाळी इतामार त्यांना गाडीने घेऊन आला. त्याने स्वतः दहा तुकडे लपवले. पांढऱ्या गालिच्यावर मेण सांडायला नको म्हणून अबिगेलने मेणबत्तीऐवजी टॉर्च दिला. पीस नवं होतं, चमचा नवा होता, तुकडे गोळा करायची कागदी पिशवी इस्त्री केल्यासारखी होती. इतामारने बराखा म्हटली आणि बोलणं थांबलं. पुढे फ्लोराबाई, खांद्याला त्यांची ती अवाढव्य पर्स, आणि मागे अबिगेल, अशी वरात निघाली.

इतक्या स्वच्छ घरात पावाचा तुकडा काय लपणार? पुस्तकांच्या फळीवर एक, बुटांच्या कपाटात एक, टीव्हीमागे एक. फ्लोराबाईंनी सोफ्याच्या फटीत पीस घातलं, ते होतं तसंच पांढरं बाहेर आलं. टोस्टर उपडा केला, त्यातून काही पडलं नाही. मायक्रोवेव्हमध्ये त्यांना आपला चेहरा दिसला. एकेक तुकडा चमच्यात येत होता आणि एकेका तुकड्याबरोबर हॅमिल्टनचं घर हातातून निसटत होतं. नऊ झाले तेव्हा वरचे दोन्ही मजले संपले होते.

उरलं बेसमेंट. फ्लोराबाई जिन्याकडे वळल्या तशी अबिगेल पुढे झाली आणि तिने हातानेच खूण केली, खाली काही नाही, तिथे कुणी राहतच नाही. फ्लोराबाईंनी नऊ बोटं दाखवली आणि दहावं तिच्या नाकासमोर नाचवलं. अबिगेल बाजूला झाली.

खालची खोली छान होती. नवा पलंग, नवी चादर, भिंतीवर समुद्राचं चित्र. कोकणाची आठवण म्हणून लावलेलं, पण समुद्र कुठला तरी भलताच निळा होता. दहावा तुकडा खिडकीत होता. फ्लोराबाईंनी तो चमच्याने उचलून पिशवीत टाकला. संपलं होतं. त्या वळल्या, आणि मग केवळ सवयीने, जिथे त्यांचा स्वतःचा माल नेहमी साठायचा तिथे, टॉर्च घेऊन वाकल्या. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण त्या दिवशी शब्दशः पार पडली.

पलंगाखाली लोकर होती. करडी, मऊ, अस्सल. त्यात खारीचा चुरा गुंतला होता. मागे खारीचं अर्धं पाकीट होतं, टोस्टचा डबा होता, चुरगळलेलं ब्लँकेट होतं, एकच मोजा होता आणि भारतीय ग्रोसरीतून आणलेली, कोपरे दुमडलेली मराठी मासिकं होती.

फ्लोराबाईंना आनंदाची उकळी फुटली. त्यांना वाटलं, इतामारच. लहानपणी तो उशीच्या अभ्र्यात चकल्या लपवायचा. विजयी मुद्रेने त्यांनी वर पाहिलं आणि बोटाने जिन्याकडे, म्हणजे वर बसलेल्या मुलाकडे, खूण केली.

अबिगेलने मान हलवली. मग तिने आपल्या छातीवर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते.

बोलायचं नव्हतं, म्हणून दोघी काही बोलल्या नाहीत. फ्लोराबाई हळूच पलंगावर टेकल्या. गादीला एका बाजूला खळगा पडलेला होता, कुणीतरी नेहमी तिथेच लोळत असल्यासारखा. नव्या चादरीखालून काहीतरी टोचलं, तो टोस्टचा तुकडा होता. तेवढ्यात जिन्याच्या टोकावरून इतामारची हाक आली, "आई, झालं का? शुड आय कम डाउन?"

फ्लोराबाई उठल्या. त्यांनी पर्स उघडली आणि पाकीट, डबा, मोजा, मासिकं, पिसाने ओढलेला सगळा चुरा आणि ती लोकरसुद्धा आत कोंबली. त्या पर्समध्ये इतकं काही होतं की आणखी थोड्याने काय फरक पडणार? मग सुनेच्या खांद्याचा आधार घेत त्या जिना चढल्या.

वर इतामारने प्रार्थनेची शेवटची ओळ म्हटली. माझ्या ताब्यातलं जे खमीर मी पाहिलं नाही आणि काढलं नाही, ते सगळं पृथ्वीवरच्या धुळीसारखं मानलं जावो. धूळ म्हणताना फ्लोराबाईंनी पर्स काखेत घट्ट धरली.

"सो? किती?" इतामारने विचारलं.

"दहा," फ्लोराबाई म्हणाल्या. "तुझ्या बायकोचं घर आरशासारखं आहे. मी हरले."

इतामारने खाली पाहिलं. त्यालाही आईचं घर विकायचं नव्हतं, पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. अबिगेल ओट्याला टेकून उभी होती. तिने ओटा पुसायला फडकं उचललं, ओटा पुसलेलाच होता, तिने फडकं खाली ठेवलं.

"अकरा," ती म्हणाली.

"मी दहाच ठेवले होते."

"अकरावा माझा आहे. आईंच्या पर्समध्ये आहे. पुष्कळ आहे."

मग सगळं बाहेर आलं, पर्समधलंही आणि मनातलंही. रविवारी इतामार हॉकी खेळायला गेला की अबिगेल खाली जायची. झोपून खारी खायची, मासिकं वाचायची. चुरा पडला तरी उठायची नाही.

"वर का नाही खात?" फ्लोराबाईंनी विचारलं.

"वर पांढरा सोफा आहे."

"मग ती खोली मला कशाला देत होतीस?"

"मला वाटलं, तुम्ही आलात की माझी सवय सुटेल."

इतामार हे सगळं ऐकत होता. त्याला धक्का बसला होता, पण स्वच्छतेचा नव्हे. "यू हॅड खारी?" तो म्हणाला. "घरात खारी होती? आणि मी इतकी वर्षं गाडीत बसून क्रॅकर्स खातोय? विंटरमध्ये?"

यावर पहिल्यांदा अबिगेल हसली. खमिराची बंदी दुसऱ्या सकाळपासून होती, तोवर खारी चालत होती. तिघांनी ती उभ्या उभ्या ओट्यापाशी संपवली. चुरा पडला. कुणी पुसायला धावलं नाही, निदान खारी संपेपर्यंत तरी नाही. निघताना फ्लोराबाई सुनेला म्हणाल्या, "ती खोली मला देऊ नकोस. तुला लागेल."

सण संपल्यावरच्या रविवारी अबिगेल एकटीच हॅमिल्टनला आली. येताना तिने दाराजवळचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलून गॅरेजमध्ये टाकले आणि जिन्याला कठडा बसवणाऱ्या माणसाचा नंबर फ्रिजवर चिकटवला. त्याबाबतीत ती ऐकणार नव्हती आणि फ्लोराबाईही भांडल्या नाहीत. मग तिने बॅगेतून खारीचं पाकीट काढलं, सोफ्यापाशी आली, टॉवेलांचा ढीग पाहिला आणि काहीही न ढकलता त्याच्यावरच बसली.

फ्लोराबाई चहा घेऊन आल्या. येताना थोडा सांडला. सुनेच्या काळ्या कुर्त्यावर खारीचे पापुद्रे पडले होते आणि ती ते झटकत नव्हती. फ्लोराबाईंनी कपबशी तिच्यापुढे धरली. मुलाच्या लग्नात त्यांनी तिला बांगड्या केल्या होत्या, पण त्या बाजारातून घेतलेल्या. घराण्यातलं असं त्यांनी तिला काहीच दिलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे एकच वस्तू होती आणि ती घ्यायला ही मुलगी लायक नाही असंच त्यांना आजवर वाटत आलं होतं.

"गबाळी आहेस गं तू," त्या म्हणाल्या.

अबिगेलने बशीत चहा ओतला. "थँक यू, आई," ती म्हणाली आणि हात खालच्या टॉवेलाला पुसला.